स्कुसालवरची मेंगाची वाट

मेंगा कादुफ हिला आमच्या सुरप्लाउन गावात मेंगा म्हणून कोणी हाक मारत नाही. सगळे ओंडा म्हणतात. ओंडा म्हणजे आत्या, मावशी, काकू, जी कोणी हाताशी असेल ती. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून ती अख्ख्या गावाची ओंडा झाली, आणि अख्ख्या गावाची झाल्यावर अख्ख्या गावाला फैलावर घेण्याचा जो हक्क मिळतो तो तिनं गेली चौतीस वर्षं एक दिवसही वाया घालवलेला नाही.

चौतीस वर्षं म्हणजे जेव्हापासून ती सरकारची बर्फ मोजणारी आहे तेव्हापासून. रोज सकाळी अंगणातल्या खुणेच्या काठीपाशी जायचं, रात्रीत किती पडलं ते मोजायचं, वारा कुठून, थंडी किती, सगळं खालच्या कार्यालयाला कळवायचं. महिन्यातून दोनदा वर जाऊन बर्फात माणसाएवढा खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीला बोटं लावून एकेक थर बघायचा. कुठला थर घट्ट, कुठला भुसभुशीत, कुठला नुसता दाखवायला उभा आहे. ओंडा म्हणते, माणसांचंही असंच बघता आलं असतं तर गावात निम्मी लग्नं झाली नसती.

मी नोत, गावचा बेकर. गावाच्या हिमकडा समितीवरही आहे. हिमकडा सुटायची भीती असली की वरची वाट बंद करायची की नाही, हे समिती ठरवते. समितीत आम्ही तिघं. हॉटेलवाला गुडेंच, कारण त्याला वाट कायम उघडी हवी असते. ओंडा, कारण तिला ती कायम बंद हवी असते. आणि मी, कारण मी पहाटे तीनपासून जागा असतो आणि कोणी विचारलं तर दोघांनाही हो म्हणतो.

आमच्या पूर्वजांना समिती नव्हती, पण अक्कल होती. त्यांनी चर्च बांधताना डोंगराकडची भिंत पाचरीसारखी टोकदार बांधली, म्हणजे वरून काही आलंच तर दोन्ही बाजूंनी फुटून जावं. आत बसून देवावर विश्वास ठेवायचा आणि पाठीशी चार हात जाडीचा दगड ठेवायचा, असा त्यांचा धर्म होता. त्यांच्या वंशजांनी, म्हणजे आम्ही, त्यातला फक्त विश्वास घेतला.

गावाच्या डोक्यावरच्या उताराला आम्ही स्कुसाल म्हणतो. कमरेला बांधायचं फडकं असतं ना, त्या आकाराचा आहे. वर अरुंद, खाली पसरलेला. त्याच्या पलीकडच्या टेकाडावर लार्चची तीन झाडं आहेत, आणि तिथंच ओंडाचा खड्डा असतो. तिथं जायला दोन वाटा. एक जंगलातून वळसा घालून, दोन तासांची. दुसरी सरळ स्कुसालच्या पोटातून, वीस मिनिटांची. धोका असला की समिती हॉटेलच्या मागच्या हौदापाशी दोर बांधते आणि त्याला तांबडं फडकं लावते. दोर बांधायचं काम ओंडाचं. ती अशी गाठ मारते की गुडेंचला सोडवता येत नाही. निदान तो तसं म्हणतो.

आता धोक्याच्या आकड्याचं सांगतो. एक ते पाच असे आकडे असतात. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे घरात बसून वर बघत राहायचं. आणि मध्ये तीन. तीनचं सरकारी नाव ‘लक्षणीय’. पण पाचातला तीन म्हटलं की लोकांना शाळा आठवते. पाचात तीन म्हणजे पास! चारला सगळे घाबरून घरात बसतात, दोनला डोंगर झोपलेला असतो, आणि तीनला लोक मरतात. ओंडा हे दर हिवाळ्यात सांगते. आणि ती स्वतः दर हिवाळ्यात बहुतेक दिवस तीनच लिहिते, त्यामुळे गावात ‘ओंडाचा तीन’ हा विनोद झाला आहे. कोणाच्या बायकोचा मूड कसा आहे विचारलं, तर उत्तर मिळतं, “ओंडाचा तीन.” रोज मरे त्याला कोण रडे.

ओंडाकडे एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी. तिच्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘मूर्खांची वही’. कोणी हिमकड्याखाली गेलं, किंवा जाता जाता वाचलं, की त्यानं निघताना काय म्हटलं होतं ते ती चौकशी करून लिहून ठेवते. वाक्य, नाव, वय, तारीख. पहिल्या पानावर पहिलं वाक्य आहे आमच्या जुन्या टपालवाल्याचं: ‘मी वीस वर्षं इथनं जातोय, कधी काही झालं नाही.’ तो आता चर्चमागे आहे. त्याच्या वाक्यापुढे ओंडानं रेघा ओढल्या आहेत, तेच वाक्य पुन्हा कोणी म्हटलं की एक रेघ. मी शेवटचं बघितलं तेव्हा एकोणीस होत्या. बाकीची वाक्यं अशी: ‘पुढे कोणीतरी गेलंय, म्हणजे ठीकच असणार.’ ‘आकाश किती निळं आहे!’ ‘आपण सहाजण आहोत ना.’ आणि माझं आवडतं, एका जाडजूड पाहुण्याचं, जो वाचला: ‘हॉटेलात जेवण एकला बंद होतं.’

ओंडा ही वाक्यं बेकरीत मोठ्यानं वाचून दाखवायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. आम्हीही हसायचो. आपण वहीत नाही आहोत याचं सुख काही वेगळंच असतं.

त्या वर्षी ऑक्टोबरातच हातभर बर्फ पडलं आणि मग पाच आठवडे आकाश कोरडं. दिवसा ऊन, रात्री कडाका. पाहुण्यांना ते फार सुंदर वाटलं. ओंडा मात्र दिवसेंदिवस जास्त खवट होत गेली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस वारा आणि बर्फ एकदमच आले, आणि स्कुसालवर छातीभर नवा थर बसला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ऊन पडलं. सकाळी ओंडा बेकरीत आली तेव्हा काउंटरपाशी गुडेंचचे चार पाहुणे उभे होते. त्यांच्यात एक दातांची डॉक्टरीण होती, हेल्गा नावाची. तिला प्रश्न विचारायची खोड होती.

“बाई, बर्फाखाली काय असतं?” हेल्गानं विचारलं.

झालं. ओंडानं माझ्या काउंटरवरचा साखरेचा डबा उचलला आणि माझ्या पाव कापायच्या पाटावर उपडा केला.

“अगं ओंडा!” मी म्हणालो.

“गप्प बस. हे ऑक्टोबरातलं बर्फ. थंडीनं त्याची साखर झाली. दाणा दाण्याला धरत नाही.” मग तिनं माझा अक्रोडाचा अख्खा केक उचलून साखरेवर ठेवला. “हे या आठवड्यातलं. घट्ट, जड, दिसायला छान. आता बघा.” तिनं पाटाची एक बाजू उचलली. काही झालं नाही. आणखी उचलली. काही नाही. मग तिनं केकच्या वरच्या कडेवर एका बोटानं टक् केलं. केक जो सुटला तो थेट जमिनीवर.

“असं,” ओंडा म्हणाली. “ते बोट म्हणजे तुम्ही.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. केक माझा गेला. हेल्गानं मात्र वाकून पाटावर उरलेली साखर बोटानं चाचपून बघितली.

तेवढ्यात सेराइना आली. सेराइना ही ओंडाच्या गेलेल्या भावाची मुलगी, सत्तावीस वर्षांची. तिला शरदातच डोंगरवाटाड्याचा बिल्ला मिळाला होता. आमच्या गावातून असा बिल्ला मिळवणारी ती पहिली बाई, आणि गावानं तिचं कौतुक केलं ते असं: “पोरगी हुशार आहे, पण पाहुणे तिच्यामागनं जातील का?” हे चौघं म्हणजे तिची स्वतःची पहिली तुकडी. शनिवारी ती त्यांना, चढताना मागं घसरू नये म्हणून स्कीला केसाळ पट्ट्या लावून, वरच्या टेकाडावर नेणार होती. हे नीट पार पडलं तर पुढचे हिवाळे तिचे. नाही पार पडलं तर गुडेंच दुसऱ्या खोऱ्यातला मिशीवाला वाटाड्या बोलावणार होता, आणि हे त्यानं लपवून ठेवलं नव्हतं.

“उद्या कुठनं नेणार?” ओंडानं विचारलं.

“जंगलातनं, ओंडा.”

“स्कुसालला पाय लावू नकोस.”

“नाही लावणार. दोर बांधलायस ना तू.”

“बिल्ला छातीवर आहे म्हणून डोंगर रस्ता सोडत नाही, पोरी.”

“माहितीये गं! सातव्यांदा सांगतेयस.”

“आठव्यांदा सांगीन,” ओंडा म्हणाली. पण तिचा हात सेराइनाच्या टोपीवरून फिरला. सबंध गावात या एका डोक्यावरून तिचा हात फिरतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी पंधरा तारीख होती, ओंडाच्या खड्ड्याचा दिवस. ती पहाटे साडेपाचला कपाळाला दिवा बांधून निघाली. हौदापाशी स्वतःच बांधलेल्या दोराखालून वाकून गेली आणि स्कुसाल सरळ कापून लार्चच्या झाडांपाशी पोहोचली. खड्डा खणला. बर्फाचा चौकोनी खांब कापला, त्यावर फावडं ठेवलं आणि हातानं थापट्या मारल्या. धोका नसेल तर खांब सरकायला अशा वीस-पंचवीस थापट्या लागतात. दुसऱ्या थापटीला खांबाचा वरचा भाग गुळगुळीत सरकून तिच्या मांडीवर आला. खाली साखर. तिनं आकडे लिहिले, सामान आवरलं आणि आली त्याच वाटेनं, पुन्हा स्कुसाल कापून, घरी परतली. आठच्या आत कार्यालयाला कळवायचं होतं. जंगलातून आली असती तर उशीर झाला असता.

गावासाठी ती वेगळा कागद लिहिते. तो नऊला माझ्या बेकरीच्या काचेवर लागतो. त्या दिवशीच्या कागदावर ‘तीन’च्या खाली तिनं दोन रेघा ओढून लिहिलं होतं: ‘स्कुसाल नको. अजिबात नको.’ तो कागद तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि सेराइना चार पाहुणे घेऊन हौदापाशी उभी होती. मीही तिथं होतो. हॉटेलचे पाव द्यायला गेलो होतो. गुडेंच पाहुण्यांना निरोप द्यायला बाहेर आला होता.

“खालचं कार्यालय आज तीन म्हणतंय,” एक पाहुणा म्हणाला.

“हो, म्हणणारच!” गुडेंच म्हणाला. “ओंडाला दोन लिहायला लाज वाटते आणि चार लिहायला भीती. जंगलातनं गेलात तर पोहोचेपर्यंत ऊन निघून जाईल, एवढंच सांगतो. माझं काय, मी आपला हॉटेलवाला.”

“जंगलातनंच जायचंय,” सेराइना म्हणाली आणि वळली. तेवढ्यात तिला दोराच्या पलीकडे बर्फात उमटलेली वाट दिसली. ताजी, स्वच्छ, एक जाताना आणि एक येताना.

“ही कुणाची?” तिनं विचारलं.

आता इथं मला गप्प बसता आलं असतं. मी पाव द्यायला आलो होतो, पाव देऊन जायला हवं होतं. पण माहिती असलेला बेकर गप्प बसला असं आजवर झालेलं नाही.

“ओंडाची,” मी म्हणालो. “आज खड्ड्याचा दिवस ना. पहाटे गेली आणि परत आली.”

“ह्याच वाटेनं परत आली?”

“ह्याच.”

सेराइना वर बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते मला अगदी नीट कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. ओंडानं खणून बघितलं. तिला ठीक वाटलं. नाहीतर ती ह्या वाटेनं परत आली असती का?

“पण मग हा दोर कशासाठी आहे?” हेल्गानं विचारलं.

गुडेंच हसला. मीही हसलो. दोर कशासाठी असतो हे पाहुण्यांना कोण समजावत बसणार? दोर पाहुण्यांसाठी असतो. आम्ही इथले.

“एकेक करून जायचं,” सेराइना म्हणाली. “मी आधी. मी पलीकडे पोहोचून हात केला की मग दुसरा.” तिनं दोर उचलला आणि वाकून आत गेली. एवढं तरी तिनं नियमानं केलं, आणि तेवढ्यानंच बाकीचे चौघं वाचले.

ती ओंडाच्या वाटेवरून निम्मी गेली असेल. आधी आवाज आला. मोठा नाही. माजघरात जड पेटी जमिनीवर आपटावी तसा, पोटात जाणवणारा. मग वर, खूप वर, काळी रेघ उमटली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेली. मग स्कुसाल हलला. सेराइनानं एकदा मागं बघितलं, एवढं मला दिसलं. नंतर नुसता पांढरा धूर.

त्यानंतरच्या गोष्टी मी शौर्यानं सांगू शकत नाही, कारण मी पावांची टोपली धरून उभा होतो. गुडेंच ओरडत होता, पण काय ओरडत होता ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. हेल्गानं बाकीच्या तिघा पाहुण्यांना हाताला धरून ओढलं, आपला बीपर, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं यंत्र, काढला आणि बर्फावर चालायला लागली. प्रश्न विचारणारी म्हणून आम्ही जिची टिंगल केली त्या बाईनं सगळी उत्तरं पाठ केली होती. तिनं बर्फात लांब सळी रोवली. तिसऱ्यांदा रोवली तेव्हा ती कशाला तरी लागली. तोपर्यंत ओंडा आली होती. स्वयंपाकघरातून तशीच, पायात घरातल्या चपला, हातात फावडं. तिनं काही विचारलं नाही. खणायला लागली. अडुसष्ट वर्षांची बाई इतक्या वेगानं खणताना मी पाहिली नव्हती, आणि परत बघायची इच्छा नाही.

चौदा मिनिटं ती बर्फाखाली होती. चेहरा निळा होता. हेल्गानं तोंडातलं बर्फ बोटानं काढलं, आणि बऱ्याच वेळानं सेराइना खोकली. डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता, दोन बरगड्याही. हेलिकॉप्टर यायच्या आधी ती ओंडाकडे बघून म्हणाली, “तुझी वाट होती.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नुसतं कारण सांगत होती. ओंडानं मान हलवली. तिच्या पायातल्या चपला केव्हाच बर्फात गेल्या होत्या.

मंगळवारी शाळेच्या खोलीत चौकशी बसली. जिल्ह्याहून एक तरुण अधिकारी आला होता, सभ्य, टाय लावलेला. गाव झाडून सगळं हजर. बाकं मुलांची, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. गुडेंचनं सांगितलं की आपण फक्त हवामानाविषयी बोललो. मी सांगितलं की मी फक्त पाव द्यायला गेलो होतो. दोन्ही खरं होतं. मग अधिकारी ओंडाकडे वळला.

“खड्ड्यात तुम्हाला धोका दिसला?”

“दिसला.”

“किती वाजता?”

“साडेसहाला.”

“आणि तरी तुम्ही त्याच उतारावरून परत आलात?”

“आले.”

“जंगलाची वाट आहे ना? मग आधी जातानाही स्कुसालवरूनच का गेलात? दोर तर तुम्हीच बांधला होता.”

 ओंडा खिडकीतून वर बघत होती, जिथं स्कुसालवर आता नुसती करडी जमीन उरली होती. मग ती म्हणाली, “चौतीस वर्षं तिथनं जातेय. कधी काही झालं नाही.”

 त्या अधिकाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं ते नीट लिहून घेतलं. पण खोलीतल्या प्रत्येक माणसाला ते वाक्य पाठ होतं. बेकरीत, कॉफी पिता पिता, तिच्याच तोंडून, हसून हसून. गुडेंचला त्या दिवशी काहीही बोलता आलं असतं, चौतीस वर्षांचं सगळं उट्टं काढता आलं असतं. त्यानं खाली बघितलं. मला त्याच्याविषयी प्रथमच बरं वाटलं.

ओंडानं पिशवीतून निळी वही काढली. ती बरोबरच आणली होती तिनं. म्हणजे उत्तर काय द्यायचं ते तिला घरून निघतानाच माहीत होतं. तिनं पहिलं पान उघडलं, टपालवाल्याच्या वाक्यापुढे विसावी रेघ ओढली. मग मागची पानं उलटून कोरं पान काढलं आणि मुलांच्या त्या बाकावर वाकून लिहायला लागली. वाक्य. नाव, मेंगा कादुफ. वय अडुसष्ट. तारीख. तिचं अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

हल्ली ती खड्ड्याला जंगलातून जाते. पहाटे तीनला निघते, माझ्या भट्टीचा उजेड असतो तेव्हा. दोर आता सेराइना बांधते, कुबडी काखेत धरून, आणि गाठ मारून झाली की ओंडाला म्हणते, “हा तुझ्यासाठी पण आहे हं.” ओंडा म्हणते, “माहितीये गं, सातव्यांदा सांगतेयस.” बेकरीत वही वाचून दाखवणं बंद झालंय. पण ते पुढचं. त्या दिवशी शाळेच्या खोलीत तिनं लिहिणं संपवलं, पण वही मिटली नाही. वही फिरवून माझ्या बाकावर सरकवली आणि पेन्सिल वर ठेवली.

“नोत,” ती म्हणाली, “माझ्या खाली जागा आहे. हौदापाशी तू काय म्हणालास ते तूच लिही.”

मी लिहिलं: ‘पहाटे गेली आणि परत आली.’ वय कोणी न विचारताच घातलं.